प्रजननस्वास्थ्य, तरुण स्त्रियांचे (महाराष्ट्रातील इतिहास)

ऋतुप्राप्तीपासून पहिल्या अपत्यापर्यंतच्या वयातील स्त्रीच्या जननेंद्रियांचे आरोग्य, लैंगिक संबंधांतून उद्‌भवणारे विकार आणि पुढील काळातील गर्भधारणक्षमता यांचा समावेश ‘प्रजननस्वास्थ्य’ या संज्ञेत होतो. आपल्या समाजात स्त्रीचे कुटुंबातील स्थान दीर्घकाळ मातृत्वावर अवलंबून राहिले. त्यामुळे अशा विकाराची तिला वाटणारी भीती दुहेरी असे : एक व्याधीची व दुसरी वांझपणाच्या कलंकाची. हा कलंक टाळण्यासाठी ती व्याधी लपवी आणि लपविलेली व्याधी बळावून पुष्कळदा वंध्यत्वास कारण होई. महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास म्हणजे मुख्यतः हे मौन सुटत गेल्याचा इतिहास होय.

प्राचीन वैद्यकात या विकारांचा विचार झालेला आढळतो. चरकसंहितेत वीस योनिव्यापदे सांगितली असून त्यांच्या चिकित्सेसाठी स्वतंत्र अध्याय आहे. सोळा वर्षांखालील स्त्रीस राहिलेला गर्भ नीट वाढत नाही, असा इशारा सुश्रुतसंहितेत दिला आहे. व्यवहारात मात्र बालविवाहाच्या रूढीमुळे हा इशारा दुर्लक्षित राहिला. पाळी हा विटाळाचा व ‘अंगावरून पांढरे जाणे’ हा सोसण्याचा विषय मानला गेला. उपचार सुईण व घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया यांच्यापुरते मर्यादित राहिले. आनंदीबाई जोशी (१८६५–८७) यांचा विवाह नवव्या वर्षी झाला व चौदाव्या वर्षी झालेले त्यांचे मूल दहा दिवसांत दगावले. वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस जाण्याच्या त्यांच्या निर्धारामागे हा अनुभव होता. फिलाडेल्फिया येथे १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली, तथापि पुढील वर्षीच त्यांचे निधन झाले. पुरुष डॉक्टरांकडून तपासणी करून घेण्यास स्त्रिया धजत नसत. ही अडचण ओळखून मुंबईत १८८६ मध्ये कामा रुग्णालय सुरू झाले.

प्रजननस्वास्थ्याचा प्रश्न जाहीर वादात आला तो संमतिवयाच्या निमित्ताने. भारतीय दंडसंहितेने (१८६०) पतीशी समागमासाठी पत्नीच्या वयाची मर्यादा दहा वर्षे ठरविली होती. बंगालमध्ये १८८९ साली सुमारे अकरा वर्षांची फुलमणी पतीच्या समागमामुळे मृत्यू पावली. परंतु तिने दहा वर्षे पुरी केली असल्याने पतीवर बलात्काराचा आरोप टिकू शकला नाही. भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी १८९० मध्ये बालवधूंना झालेल्या इजांची उदाहरणे सरकारपुढे मांडली. मुंबईत डॉ. ईडिथ पीची यांनी बालविवाहाविरुद्ध जाहीर व्याख्यान दिले. रा. गो. भांडारकरांनी धर्मशास्त्राच्या आधारे सुधारणेचे समर्थन केले, तर लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपास विरोध केला. १८९१ च्या कायद्याने ही मर्यादा बारा वर्षे झाली. या वादात शास्त्रार्थ व राज्यसत्तेचा अधिकार यांची चर्चा विपुल झाली. प्रत्यक्ष त्रास भोगणाऱ्या मुलींचे म्हणणे मात्र क्वचितच नोंदले गेले. पतीच्या घरी जाण्यास नकार देऊन न्यायालयात उभ्या राहिलेल्या रखमाबाई हा त्यास ठळक अपवाद होय. त्या पुढे स्वतः डॉक्टर झाल्या.

विसाव्या शतकात रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी या विषयास शास्त्रीय भाषा दिली. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र उघडले व पत्नी मालतीबाई यांनी त्यांना साथ दिली. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकाची नोकरी सोडावी लागली. संततिनियमन व गुप्तरोग यांवर त्यांनी पुस्तके लिहिली आणि जुलै १९२७ पासून अखेरपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. पतीकडून पत्नीस होणारा परमा ही त्या काळी गंभीर समस्या होती. स्त्रीमध्ये हा रोग लक्षणांवाचून राहतो व वंध्यत्व आणतो, हे नगराथ या डॉक्टरांनी १८७२ मध्येच दाखविले होते. परंतु मूल न झाल्याचा दोष घरोघर सुनेच्याच माथी येई. मासिकातील वाचकांच्या प्रश्नांच्या उत्तरांवरून कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला (१९३४). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरीही त्यांना दंड झाला. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी १९३८ पासून संततिनियमनाच्या प्रचाराचे कार्य केले.

स्वातंत्र्योत्तर काळात १९५२ पासून कुटुंबनियोजन हा शासकीय कार्यक्रम झाला. साधने गावोगाव पोहोचली, पण भर संततिसंख्येवर राहिला. १९६५ मध्ये ‘लूप’ चा देशव्यापी प्रसार झाला, तेव्हा रक्तस्राव व कंबरदुखी या तक्रारींची पुरेशी दखल न घेतल्याने स्त्रियांचा विश्वास उडाला. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशींवरून १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा झाला. चोरून केलेल्या गर्भपातातील जंतुसंसर्गाने अनेकींचा जीव जात असे, तर वाचलेल्यांपैकी काहींच्या अंडवाहिन्या कायमच्या बंद होत.

या विकारांची व्याप्ती प्रथम निश्चितपणे दाखविली ती गडचिरोली जिल्ह्यातील अभ्यासाने. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांचे सहकारी यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली व निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केले. ९२ टक्के स्त्रियांमध्ये एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. दर स्त्रीमागे रोगांची सरासरी ३.६ होती. केवळ ५५ टक्के स्त्रियांनी तक्रार सांगितली होती आणि पूर्वी तपासणी व उपचार झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. रोग प्रसूत स्त्रियांपुरताच असतो, या समजाला या अभ्यासाने धक्का दिला. कैरो येथील लोकसंख्या परिषदेने (१९९४) पुढे प्रजननस्वास्थ्य ही संकल्पना जगभर मान्य केली.

आधुनिक ज्ञानानुसार परमा, क्लॅमिडिया-संसर्ग व जननेंद्रियांचा क्षयरोग यांमुळे होणारे वंध्यत्व वेळीच उपचार केल्यास बहुतांशी टाळता येते. ऋतुकाळातील सामान्य पांढरा स्राव हा रोग नव्हे. संततिनियमनाच्या गोळ्यांनीही कायमचे वंध्यत्व येत नाही. गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगावरील भारतीय लस पुण्यात तयार झाली व तिला २०२२ मध्ये परवाना मिळाला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने वीस ते चोवीस आठवड्यांपर्यंतच्या कायदेशीर गर्भपाताचा हक्क अविवाहित स्त्रियांनाही असल्याचा निर्णय दिला. याउलट, बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांची गर्भाशये तरुण वयातच काढली जात असल्याचे उघडकीस आल्यावर २०१९ मध्ये शासनास चौकशी समिती नेमावी लागली. पांढरे जाणे वा पोटदुखी यांसारख्या साध्या तक्रारीस कर्करोगाची भीती घातली गेली आणि पाळी हा मजुरी बुडविणारा अडथळा ठरला, की शस्त्रक्रियेस संमती सहज मिळते. ज्ञान उपलब्ध असणे व ते गरजू स्त्रीपर्यंत पोहोचणे या दोहोंतील अंतर अद्याप मिटलेले नाही, हेच यावरून दिसून येते.