यंत्र आणि उस्ताद



जोगेश्वरीच्या टेकडीवरील इस्माईल युसूफ कॉलेज आपण पाहिले असेलच. सर मोहम्मद युसूफ यांनी १९१४ साली मुस्लिम मुलांच्या उच्च शिक्षणासाठी सरकारकडे आठ लाख रुपये दिले. कॉलेज मात्र उघडले १९३० साली! त्याच जोगेश्वरीत आज मर्कझुल मआरिफ ही संस्था मदरशातून आलिम होऊन आलेल्या तरुणांना दोन वर्षे इंग्रजी व संगणक शिकवते. दीनी तालीम आणि नवी विद्या एकत्र नांदणे आपल्या उपनगराला नवे नाही.

नवे आहे ते निराळेच. नमाज-रोजाचा मसला मुले आता मौलानांना विचारण्याआधी मोबाईलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारतात. अशा वेळी एक जुनी हकीगत आठवते.

सुमारे १५३७-३८ साली व्हेनिस शहरात पागानीनी पितापुत्रांनी अरबी कुराण शरीफ छापले. संपूर्ण छापील प्रतींत ही सर्वांत जुनी समजतात. पण तीत चुका फार. 'दाल' आणि 'झाल' या अक्षरांतला भेदसुद्धा राखलेला नाही. एका नुक्त्याने अर्थ कुठल्या कुठे जातो, हे मक्तबातले पोरही सांगेल. पुढे १९२४ साली कैरोत अल-अझहरच्या देखरेखीखाली प्रत निघाली, ती मात्र देशोदेशी मान्य झाली. छपाई दोन्हीकडे यंत्राचीच. पण कैरोत अक्षर न् अक्षर उलेमांच्या नजरेखालून गेले होते.

१९६१ साली कारी महमूद खलील अल-हुसरी यांचे संपूर्ण पठण ध्वनिमुद्रित झाले. रेकॉर्ड ऐकवते, पण चुकल्यावर टोकत नाही. ते काम उस्तादाचेच, असे तेव्हा म्हणता येई. आता पठण ऐकून चूक दाखवणारी यंत्रेही आली आहेत आणि पाठांतराच्या सरावाला ती उपयोगी आहेत, हे मोकळ्या मनाने मान्य करू या.

मसल्याची गोष्ट वेगळी. हे यंत्र शब्दामागे शब्द जुळवते आणि कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या हदीसचा हवाला बेधडक देते. आपल्याकडे तर हदीस कोणी कोणाकडून ऐकली, याची साखळी तपासल्याशिवाय ती घेतली जात नसे. दुबईत २०१९ साली सरकारी खात्याने यंत्राद्वारे फतवा-सेवा सुरू केली, तीही प्रथम नमाजविषयक ठराविक प्रश्नांपुरतीच.

तेव्हा पालकांनो, मोबाईल हिसकावून घेऊ नका. मुलाला एवढेच विचारा, "बेटा, हे कोणत्या किताबात आहे?" उत्तर मिळाले तर ती किताब घेऊन दोघे मिळून मशिदीतल्या मौलानांकडे जा. आणि संस्थाचालकांना एक विनंती. अरबी आणि संगणक दोन्ही जाणणारे तरुण आलिम जोगेश्वरीतच तयार होत आहेत. महिन्यातून एक दिवस त्यांना शाळेत बोलवावे आणि मुलांनी मोबाईलवरून आणलेली उत्तरे त्यांच्यासमोर वाचून घ्यावीत.