उकिरड्यावरचे रान

शहर वाढले की रान हटते, हाच इतिहास आम्ही मास्तर मंडळी मुलांना शिकवीत आलो. मुंबईत धारावीला लागून, मिठी नदीच्या काठी, या इतिहासाने एकदा उलट पाऊल टाकले. तेथील महाराष्ट्र निसर्ग उद्यानाची सुमारे ३७ एकरांची जागा पूर्वी शहराचा उकिरडा होती. कचरा टाकणे थांबले, त्यावर माती पडली, झाडे लागली. आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले.

रोप लावणे माणसाच्या हातचे; रान होणे मात्र नव्हे. पाला गळावा, तो वाळवीने आणि बुरशीने कुजवावा, त्या मातीत गांडुळे यावीत, किड्यांमागे पाखरे यावीत आणि पाखरांनी फळे खाऊन बिया टाकाव्यात, तेव्हा कोठे रान जमते. खाडीकडे तिवरांची मुळे गाळ धरून ठेवतात. त्यांत खेकड्यांना आसरा मिळतो, म्हणून बगळेही येतात. हे काम वर्षांच्या हिशेबाने चालते.

म्हणूनच एक भीती वाटते. २०१९ च्या ऑक्टोबरात याच शहरात, आरेमध्ये, मेट्रोच्या कारशेडसाठी २,००० हून अधिक झाडे तोडली गेली. बदल्यात दुसरीकडे झाडे लावण्याचा हिशेब अशा वेळी मांडला जातो. वाचकहो, उकिरड्याचे रान करता आले, हा आपला अभिमान खराच. पण तो रानाचा उकिरडा करण्याचा परवाना नव्हे.