बाळाचा मेंदू आणि पहिले २८ दिवस



ग्रहणात सुनेने विळी हाती घेतली म्हणून बाळ व्यंग घेऊन जन्मले, असे आपल्याकडे अजून ऐकू येते. दोष येतो तो आईच्याच माथी. बाळाच्या मेंदूत व्यंग का येते, ते जन्माआधी कळते का, ही हकिकत मात्र निराळी आहे; आणि तिचा एक धागा आपल्या मुंबईतून जातो.

आधी कळण्याची गोष्ट. १९५८ साली ग्लासगोच्या इयन डोनाल्ड यांनी ध्वनिलहरींनी पोटातले बाळ पाहण्याची रीत प्रसिद्ध केली. तीच आजची सोनोग्राफी. पण कवटी घट्ट होऊ लागली की आतला मेंदू तीत धूसर दिसतो. १९८३ साली स्कॉटलंडातच, ॲबर्डीनला, एम. आर. आय. यंत्राने गर्भाचे चित्र घेतले गेले. त्यात क्ष-किरण नाहीत. मोठा लोहचुंबक असतो आणि रेडिओच्या लहरी. होय, तुमच्या घरच्या रेडिओच्याच भाऊबंद! अडचण अशी, की बाळ काही स्वस्थ राहत नाही आणि चित्र फिसकटते. १९९० नंतर क्षणात चित्र टिपण्याची युक्ती निघाली, तेव्हा खरे काम सुरू झाले. ब्रिटनमध्ये ५७० गर्भ तपासून २०१६ साली निष्कर्ष छापले: मेंदूचे निदान नुसत्या सोनोग्राफीने शंभरात ६८ वेळा बरोबर, एम. आर. आय.ने ९३ वेळा. म्हणून सोनोग्राफीत शंका आली की डॉक्टर हा फोटो काढायला सांगतात.

पण तो निघतो साधारण पाचव्या महिन्यात. मेंदूचा पाया फार आधी पडतो. गर्भाच्या पाठीवर एक पन्हळ होते, तिचे काठ मिटतात आणि नळी बनते. तिचाच पुढे मेंदू आणि मज्जारज्जू होतो. गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत हे आटोपते. वरचे टोक उघडे राहिले तर मेंदू आणि कवटी पुरी होत नाहीत; खालचे राहिले तर पाठीवर गाठ येते, पाय लुळे पडू शकतात.

१९२८ साली लूसी विल्स ह्या डॉक्टरीणबाई इंग्लंडहून मुंबईस आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना जीवघेणा पंडुरोग का होतो, हे त्यांना शोधायचे होते. दोष जंतूंचा नव्हे, ताटातला आहे, असे त्यांच्या ध्यानात आले. यीस्टचा स्वस्त अर्क खाऊ घातला नि बायका बऱ्या झाल्या. १९३१ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. अर्कातले ते द्रव्य १९४१ साली पालकाच्या पानांतून काढले गेले, आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव पडले. पुढे १९९१ साली सात देशांतल्या प्रयोगाचा निकाल आला. नळीचे व्यंग असलेले बाळ आधी झालेल्या आयांनी गर्भ राहण्यापूर्वीपासून हे औषध घेतले, तेव्हा ते व्यंग ७२ टक्क्यांनी घटले. मेंदूची सगळीच व्यंगे त्याने टळतात असे नाही. नळीची बरीचशी टळतात.

आता आपल्या नंदुरबारकडे पाहा. धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यांवरून कित्येकदा आजाऱ्याला बांबूच्या झोळीत घालून सडकेपर्यंत आणावे लागते. तिथे एम. आर. आय. दूरच राहिले. गोळी मात्र आशाताईंच्या पिशवीतून पाड्यावर पोचू शकते. शिक्षक मंडळी, शाळेत आठवड्याला देतात त्या निळ्या गोळीत लोहाबरोबर हेच औषध असते. बाळ हवे असेल तेव्हा मात्र ते रोज घ्यावे लागते. आणि आधी असे बाळ झालेले असेल तर मात्रा मोठी, ती डॉक्टरांना विचारूनच. गोळी सुरू करायची ती गर्भ राहण्याच्या आधी महिनाभर तरी. कारण पाळी चुकल्याची घरात कुजबुज सुरू होते, तेव्हा त्या २८ दिवसांतले निम्मे उलटून गेलेले असतात.