कान कापले, तोंड बंद झालं नाही

लंडनमध्ये विल्यम प्रिन नावाचा एक वकील होता. त्याचे कान सरकारनं दोनदा कापले. दोनदा कसे? १६३४ साली पहिल्यांदा कापले तेव्हा थोडे शिल्लक राहिले होते. १६३७ साली उरलेसुरलेही काढून घेतले. गुन्हा दोन्ही वेळी एकच, लिहिण्याचा.

पुढे सात वर्षांनी ज्या माणसावर देशद्रोहाचा खटला चालला, तो होता कँटरबरीचा आर्चबिशप विल्यम लॉड, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधला सर्वांत मोठा धर्माधिकारी. त्याच्याविरुद्ध पुरावे गोळा करणारा माणूस कोण? हाच बिनकानाचा प्रिन.

गोष्ट साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वीची आहे, पण आज आपल्या हातातल्या मोबाइलशी तिचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितोय. वेळ काढून वाचा.

लॉड हा रेडिंग गावच्या एका कापड व्यापाऱ्याचा मुलगा. हुशारी आणि कष्ट यांच्या जोरावर वर चढला आणि १६३३ मध्ये आर्चबिशप झाला. विद्येची आवड खरी होती. ऑक्सफर्डमध्ये अरबीचं अध्यासन त्यानं सुरू केलं, तिथल्या ग्रंथालयाला शेकडो हस्तलिखितं दिली. त्यात आपल्याकडच्या रागमालेच्या चित्रांचा एक संग्रहही आहे, आजही तो तिथे बघायला मिळतो. म्हणजे माणूस अडाणी नव्हता, लाचखाऊही नव्हता. पण शिस्त म्हणजे सगळ्यांनी एकाच पद्धतीनं गुडघे टेकायचे, अशी त्याची पक्की समजूत होती. चर्चमधलं प्रार्थनेचं टेबल पूर्वेच्या भिंतीला लावा, त्याला कठडा घाला, असे हुकूम निघाले. कट्टर प्रोटेस्टंट लोकांना, म्हणजे प्युरिटनांना, हा पोपचा धर्म मागच्या दारानं आणण्याचा डाव वाटला. राजा पहिला चार्ल्स १६२९ पासून पार्लमेंट न बोलावताच कारभार करत होता. मग तक्रार करायची कुठे? लोक छापखान्याकडे वळले.

त्या काळचं पत्रक म्हणजे काय, तर एक मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापायचा, दोनदा दुमडायचा, की आठ पानांची चोपडी तयार. किंमत एखाददुसरी पेनी. वाचता न येणारे दारूच्या गुत्त्यात बसून दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

जून १६३७ मध्ये स्टार चेंबर नावाच्या न्यायालयात तिघांना उभं केलं गेलं. प्रिन वकील, बास्टविक डॉक्टर, बर्टन पाद्री. शिक्षा झाली प्रत्येकी ५००० पौंड दंड, कान कापणं आणि जन्मभर कैद. प्रिनच्या गालांवर तापल्या लोखंडानं एस आणि एल ही दोन अक्षरं डागली, अर्थ 'राजद्रोही निंदक'. प्रिननं त्याचा लॅटिनमध्ये वेगळाच अर्थ लावला, 'लॉडच्या खुणा'!

शिक्षा भर चौकात झाली. हेतू असा, की लोकांनी बघावं आणि घाबरावं. झालं उलटंच. लोकांनी त्यांच्या वाटेवर सुगंधी पाला टाकला. तिघं गेले कैदेत, पण घराघरात पोचले.

पुढच्याच महिन्यात, ११ जुलै १६३७ ला, स्टार चेंबरनं नवा हुकूम काढला. लंडनमध्ये मुद्रक फक्त २०, खिळे ओतणारे फक्त ४, आणि परवान्याशिवाय काहीही छापायचं नाही. कागदावर एकदम चोख बंदोबस्त. चोपड्या मग हॉलंडमध्ये छापून जहाजातून येऊ लागल्या.

लॉडच्या धोरणाला खरा तडा गेला तो स्कॉटलंडमध्ये. तिथे नवी प्रार्थनापोथी लादायला गेले, एडिंबरामध्ये दंगल झाली आणि त्यातून लढाई उभी राहिली. लढाईला पैसा हवा, पैशासाठी पार्लमेंट हवं. नोव्हेंबर १६४० मध्ये पार्लमेंट भरलं आणि पत्त्यांचा बंगला कोसळला. त्याच महिन्यात प्रिन आणि बर्टन लंडनला परतले, तेही वरातीसारखे. डिसेंबरमध्ये लॉडवर देशद्रोहाचा आरोप ठेवला गेला, मार्च १६४१ मध्ये त्याची रवानगी टॉवरच्या तुरुंगात झाली. जुलैमध्ये स्टार चेंबरच बंद झालं, आणि त्याच्याबरोबर छपाईवरची पकडही सुटली.

मग जे झालं त्याला पूरच म्हणावं लागेल. एक चोपडी १६४१ चीच घ्या, नाटकाच्या रूपात लिहिलेली, चित्रांसकट. आर्चबिशप जेवायला बसलेत. ताटात उत्तमोत्तम पक्वान्नं आहेत, पण साहेबांना रुचत नाहीत. त्यांना हवेत कान, एका वकिलाचे, एका डॉक्टरचे, एका पाद्र्याचे! पुढच्या प्रवेशात त्यांचं नाक सहाणेच्या चाकावर घासलं जातं, नंतर ते पिंजऱ्यात आणि राजाचा विदूषक हसतोय. लोकांनी किती चवीनं वाचलं असेल, कल्पना करा.

आता जरा थांबूया. कारण इथपर्यंत आपण सगळेच टाळ्या वाजवतोय. जुलमी माणूस पडला, पिडलेले जिंकले. पण पुढचं वाचा.

३१ मे १६४३ च्या पहाटे प्रिन शिपाई घेऊन टॉवरमध्ये लॉडच्या खोलीत शिरला. लॉड अंथरुणात होता. प्रिननं त्याचे खिसे स्वतः तपासले, असं लॉडनं लिहून ठेवलंय. बचावासाठी तयार केलेले कागदांचे गठ्ठे नेले, प्रार्थनेची वही नेली, खासगी रोजनिशीसुद्धा नेली. त्या रोजनिशीत म्हाताऱ्यानं स्वतःची स्वप्नं, भीती, सगळं लिहिलं होतं. प्रिननं ती छापली. पण जशीच्या तशी नाही. सोयीचं ठेवलं, गैरसोयीचं गाळलं, काही ठिकाणी शब्द फिरवले. सप्टेंबर १६४४ मध्ये लॉड आपल्या बचावाचा शेवटचा सारांश मांडायला उभा राहिला, तेव्हा समोर बसलेल्या लॉर्डांच्या हातात ते नवंकोरं पुस्तक होतं. न्याय देणाऱ्यांच्याच हातात फिर्यादीची चोपडी!

कायद्यानं देशद्रोह सिद्ध होईना. फिर्यादी पक्ष म्हणाला, एकेक कृत्य देशद्रोह नसेल, पण सगळी मिळून होतो. त्यावर लॉडच्या वकिलानं टोला हाणला, की काळे ससे पुरेसे जमवले की त्यांचा काळा घोडा होतो हे त्याला नव्यानंच कळलं. उपयोग शून्य. पार्लमेंटनं खास ठराव करून मृत्युदंड दिला आणि १० जानेवारी १६४५ ला, वयाच्या ७१ व्या वर्षी, लॉडचं डोकं उडवलं.

आणि छापण्याचं स्वातंत्र्य? जून १६४३ मध्येच पार्लमेंटनं परवान्याची पद्धत पुन्हा आणली होती. तिच्याविरुद्ध मिल्टननं १६४४ मध्ये प्रसिद्ध निबंध लिहिला, तोही परवाना न घेता. प्रिन आता दुसऱ्या पंथांची तोंडं बंद करा म्हणून लिहीत होता. त्याला जाहीर पत्रातून जाब विचारला जॉन लिलबर्ननं. हा लिलबर्न कोण? लॉडच्या काळात बंदी असलेल्या पुस्तकांपायी चाबकाचे फटके खाल्लेला तरुण! हे पत्र लॉडला मारलं त्याच जानेवारीतलं.

ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याविषयी आपल्याला माया वाटते, वाटायलाच हवी. पण म्हणून त्यानं पाठवलेला प्रत्येक कागद खरा असतो असं नाही. आपण मात्र 'कोण पाठवतंय' ते बघतो आणि पुढे ढकलतो. मीही करतो, नाही कशाला म्हणू?

त्या काळात जॉर्ज थॉमसन नावाचा एक पुस्तकविक्रेता होता. १६४० पासून वीसेक वर्षं दोन्ही बाजूंच्या मिळतील तेवढ्या चोपड्या तो जमवत राहिला. सुमारे २२ हजार कागद, आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. आणि लॉडची मूळ रोजनिशी पुढे १६९५ मध्ये छापून आली, तेव्हा प्रिनच्या पुस्तकाशी ताडून बघता आलं, की त्यानं नेमकं काय काय गाळलं होतं.

लॉडला जाऊन तेव्हा ५० वर्षं झाली होती.