टीव्हीच्या दोन अँटेना एकत्र जोडायच्या असतील, तर बूस्टर नेमका कुठे लावतात?

दूरदर्शनच्या जमान्यात पडद्यावर मुंग्या आल्या की घरातलं कोणीतरी गच्चीवर जायचं आणि खालून आवाज यायचा, "अजून थोडी फिरव!" आपल्याकडे केबल आणि डिश आल्यावर हे दृश्य संपलं. अमेरिकेत मात्र छतावरची अँटेना आजही कामाची आहे. एबीसी, सीबीएस, एनबीसी, फॉक्स, पीबीएस यांची स्थानिक केंद्रं तिथे हवेतून फुकट दिसतात. केबलचं बिल वाचवायचं, तर अँटेना नीट बसवणं आलंच.

दोन अँटेना कशाला?

अमेरिकेतली टीव्ही केंद्रं दोन पट्ट्यांत विभागली आहेत. २ ते १३ क्रमांकाचे चॅनेल व्हीएचएफ पट्ट्यात येतात. त्यातले ७ ते १३ हे १७४ ते २१६ मेगाहर्ट्झवर असतात. १४ ते ३६ क्रमांकाचे चॅनेल यूएचएफमध्ये, म्हणजे ४७० ते ६०८ मेगाहर्ट्झवर. वरच्या व्हीएचएफसाठी अँटेनाची दांडी साधारण पाऊण मीटर लांब लागते, यूएचएफला २५ ते ३२ सेंटीमीटर पुरते. म्हणून दूरच्या गावात दोन्हींसाठी वेगळी अँटेना जास्त चांगलं काम करते. एक लक्षात घ्या, पडद्यावर दिसणारा क्रमांक आणि प्रक्षेपणाचा खरा क्रमांक वेगळा असू शकतो. अँटेना घेण्याआधी खरा क्रमांक तपासावा.

जोडायच्या कशा?

दोन वायरी नुसत्या पिळून जोडल्या, तर दोन्ही अँटेना एकमेकींचं काम बिघडवतात. काही जण स्प्लिटर उलटा लावतात. त्यात प्रत्येक सिग्नलची निम्म्याहून जास्त ताकद वाया जाते. योग्य उपाय म्हणजे बँड कम्बायनर. तो एका वाटेने फक्त व्हीएचएफ आणि दुसऱ्या वाटेने फक्त यूएचएफ आत घेतो, त्यामुळे नुकसान अगदी थोडं होतं. खांबावर बसणाऱ्या अनेक प्रीअँप्लिफायरमध्ये, म्हणजे आपल्या भाषेत बूस्टरमध्ये, ही सोय आतच असते.

एकाच पट्ट्याच्या दोन अँटेना वेगवेगळ्या दिशांना लावून जोडणं मात्र बेभरवशाचं. एकाच केंद्राचा सिग्नल दोन्हींकडून थोडा मागेपुढे येतो आणि एकमेकाला मारतो. अशा वेळी दिशा बदलणारी मोटर किंवा अँटेना निवडायचा स्विच बरा.

बूस्टर वरच का?

बूस्टर नवा सिग्नल तयार करत नाही. हाती आलेला सिग्नल तो मोठा करतो आणि त्यात स्वतःचा थोडा गोंगाटही मिसळतो. आरजी-६ जातीच्या ३० मीटर केबलमध्ये यूएचएफचा सुमारे ५ डेसिबल, म्हणजे तीन भागांतले जवळपास दोन भाग सिग्नल हरवतो. बूस्टर टीव्हीजवळ लावला, तर या अशक्त झालेल्या सिग्नलसोबत गोंगाटही वाढतो. अँटेनाला लागून लावला, तर केबलमधली गळती सुरू होण्याआधीच सिग्नल सशक्त होतो. त्याला लागणारी वीज घरातल्या छोट्या अडॅप्टरमधून त्याच केबलने वर जाते. म्हणून मध्ये स्प्लिटर असेल, तर तो वीज पुढे जाऊ देणारा हवा.

कधी लावू नये?

प्रक्षेपण मनोरा जवळ असेल, तर बूस्टरने उलट नुकसान होतं. जोरदार सिग्नलने तो गुदमरतो आणि दिसणारे चॅनेलही जातात. मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण अमेरिकेत १२ जून २००९ रोजी बंद झालं. डिजिटलमध्ये मुंग्या येत नाहीत. चित्र एकतर स्वच्छ दिसतं, नाहीतर चौकोन पडून गायब होतं. त्यामुळे दोष कुठे आहे हे पडद्यावरून कळत नाही.

म्हणून क्रम असा: आधी अँटेना उंच आणि योग्य दिशेला, मग कम्बायनर, आणि तरीही कमी पडलं तरच बूस्टर. खांब विजेच्या तारांपासून लांब ठेवावा, आणि खांब व केबल दोन्हींना अर्थिंग करायला विसरू नये.