नाडीचा वळ आणि जनुकातला बिघाड

त्वचेच्या कर्करोगाची जनुकीय हकिगत उन्हापासून सुरू होते, कारण ती मुख्यतः गोऱ्या लोकांच्या देशांत लिहिली गेली. अतिनील किरणांची डीएनएवर उमटणारी खूण ठरावीक असते: सायटोसिनच्या जागी थायमिन येते. स्क्वॅमस पेशींच्या कर्करोगात पी53 जनुकावर ही खूण 1991 मध्ये सापडली. पुढे बेसल पेशींच्या कर्करोगात पीटीसीएच1 आणि मेलॅनोमात बीआरएएफ या जनुकांचे बिघाड उघड झाले. हे सगळे खरेच आहे. पण बीडसारख्या जिल्ह्यात, जिथे सावळ्या कातडीतले मेलॅनिन उन्हाचा बराच मारा अडवते, तिथे या रोगाचा इतिहास आधी कपड्यात शोधायला हवा.

त्याचा पुरावा जुना आहे. परळच्या टाटा रुग्णालयातले वसंत रामजी खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी 1945 मध्ये ‘धोतराचा कर्करोग’ नोंदवला. धोतर कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी आवळायचे, त्यात घाम आणि धूळ; कातडीचा रंग जातो, ती जाड होते, चिरते, आणि न भरणाऱ्या जखमेत कधीतरी गाठ धरते. बीड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. परळपर्यंत पोचलेलाच रुग्ण नोंदीत आला असणार. न पोचलेल्यांचा हिशेब कोण ठेवणार? पेहराव मात्र सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना तोच होता. पुढे परकराच्या नाडीखालीही हाच रोग दिसला. 2024 मध्ये वर्धा आणि मधुबनीच्या डॉक्टरांनी अशा दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकर नेसतच नव्हती. चाळीस वर्षे तिने लुगडेच कमरेला घट्ट आवळले होते.

यावर कोणी म्हणेल, कोट्यवधी बायका नाडी बांधतात, मग रोग इतका विरळा कसा? आक्षेप रास्त आहे, पण त्याने नाडी निर्दोष ठरत नाही. कर्करोगाला एक बिघाड पुरत नाही. एकाच पेशीच्या वंशात अनेक बिघाड साचावे लागतात, आणि बहुतेकींच्या बाबतीत ते साचत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: घासण्याने डीएनए बदलतो कसा? नुसत्या घासण्याने नाही. जखम सारखी भरत आणि उसवत राहिली की पेशींना पुन्हा पुन्हा विभागावे लागते, सूज हटत नाही, आणि नकलेतल्या चुका वाढतात. ज्यांची कातडी जन्मतःच फोड येऊन सोलते अशा रुग्णांच्या कर्करोगाचा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उन्हाच्या खुणेपेक्षा एपोबेक नावाच्या, पेशीतल्याच विकरांनी केलेले बदल ठळक होते. कमरेच्या गाठींवर तसे काम माझ्या वाचनात नाही, म्हणून हे अनुमानच समजावे. पण कातडीच्या कर्करोगाला ऊन लागतेच असे नाही, एवढे त्यातून सिद्ध होते.

बीडच्या ऊसतोड कामगार बायका हंगामाचे महिने वाकून, घामात, कंबर कसून काम करतात. त्यांना तपासणाऱ्या आरोग्यसेविकांनी कमरेचा पट्टा आवर्जून पाहावा. नाडीच्या जागी रुंद पट्टी वापरायला, ती रोज थोडी वरखाली बांधायला आणि घरी आल्यावर सैल करायला सांगावे. वळावरची जखम महिनाभरात भरली नाही, तर मलमावर वेळ न घालवता तुकडा तपासायला पाठवावा.