उन्हाळा कोणाचा?

अमेरिकेतील महाविद्यालयीन बास्केटबॉलचा इतिहास विद्यापीठांच्या हिवाळी स्पर्धांवरून लिहिला जातो. मला तो उन्हाळ्यातल्या स्थानिक लीगमध्ये अधिक सापडतो. फिलाडेल्फियात तरुण टोळ्यांच्या मारामाऱ्यांत ओढले जात होते, तेव्हा सनी हिल यांनी १९६८ मध्ये त्यांच्यासाठी लीग उभारली. वॉशिंग्टनच्या केनर लीगमध्ये १९९४ साली, महाविद्यालयातला पहिला सामना खेळण्याआधीच, ॲलन आयव्हर्सन उतरला आणि छोटेखानी मॅकडोनो जिममध्ये माणूस मावेना.

या लीगना मोठा आधार होता एका बंदीचा. उन्हाळ्यात प्रशिक्षकांना सराव घेण्याची मुभा नव्हती. मुले घरी परतत आणि वस्तीतल्या जुन्या, कसलेल्या खेळाडूंशी भिडत. २०१२ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने उन्हाळी वर्गांना बसणाऱ्या खेळाडूंसाठी आठ आठवडे, आठवड्याला आठ तास सराव खुला केला. मुले विद्यापीठातच राहू लागली, लीग ओस पडत गेल्या.

सराव वाढला, शिस्तही आली. पण खेळाडूला ‘आपला पोरगा’ म्हणण्याचा वस्तीचा हक्क मात्र कोणी न विचारताच गेला. ही लीगची पडझड मी खेळाची नव्हे, त्या हक्काची मानतो.